दमलेय म्हणजे नेमकं काय झालंय?

लेडीज हॉस्टेलमध्ये दिवसभरात सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता? तुम्ही म्हणाल 'सबमिशन'. मुळीच नाही. तो शब्द आहे 'दमले'! सकाळी आठच्या लेक्चरला निघतानाच काहीजणी दमलेल्या असतात, दुपारी प्रॅक्टिकलला टेबलावर डोकं टेकलेलं असतं आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना मध्ये एक 'स्टॉप' लागतो. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणते, "रात्री जागत जाऊ नकोस." सर म्हणतात, "हल्लीच्या मुलींना स्टॅमिनाच नाही." मैत्रिणी म्हणतात, "अगं, सगळ्यांनाच होतं." यातलं तिसरं वाक्य मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण ते आकडेवारीनुसार बऱ्याच अंशी खरं आहे! पण एखादी गोष्ट सगळ्यांना होते म्हणून ती बरोबर ठरत नाही.

आपण इंजिनिअरिंगची मंडळी. 'फटीग' हा शब्द आपल्याला सेकंड इयरपासून माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्योलरने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवलं, की जो भार एकदा लावला तर आस सहज पेलतो, तोच लाखो वेळा पुन्हापुन्हा लावला तर आस तुटतो. माणसाच्या बाबतीत एक मोठा फरक आहे. लोखंडाला झोपवून ठेवलं म्हणून त्याची भेग भरून येत नाही. माणूस मात्र विश्रांतीने भरून येतो. म्हणूनच, जो थकवा रात्रभर झोपूनही जात नाही आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, त्याला 'आळस' म्हणून मोकळं होता येणार नाही. थकवा मोजण्यासाठी १९८९ साली एक साधी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात नऊ विधानं असतात, प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. सरासरी ४ किंवा त्याहून जास्त आली तर थकवा दखल घेण्याजोगा समजतात. म्हणजे 'दमले' या शब्दालाही युनिट देता येतं!

आता आपल्या भागाकडे येऊ. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा लोकलच्या तालावर जगतो. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. इथल्या कितीतरी ताया, मावश्या पहाटे चारला उठून डबे भरतात, बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथहून आधी उलट बदलापूरला जातात आणि मग मुंबईला निघतात. आपल्या कॉलेजला रोज ये-जा करणाऱ्या मुलींचा दिवसही फार वेगळा नाही. नाश्ता नाही, प्लॅटफॉर्मवर एक कटिंग, डब्यात एका पायावर उभं राहणं, पाठीवर लॅपटॉपची बॅग. संध्याकाळी पाय दुखतात हे अगदी खरं. पण शरीराने व्यायाम केला का? तर नाही! आपण नुसते बसलेले असताना शरीराला जेवढी ऊर्जा लागते ती एक धरली, तर नुसतं उभं राहायला जेमतेम सव्वा ते दीडपट लागते. भरभर चालायला साडेतीन-चारपट आणि जिना झपाझप चढायला आठपटीच्या आसपास. म्हणजे तासभर गर्दीत उभी राहिलेली मुलगी दमते, घामाघूम होते, पण तिच्या हृदयाला आणि स्नायूंना ज्या ताणाने ताकद येते तो ताण मिळतच नाही. दमणूक भरपूर आणि व्यायाम शून्य, हे दोन्ही एकाच दिवसात सहज मावतं. "मी दिवसभर पायांवरच असते, मला व्यायामाची काय गरज?" असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुसरा घोळ वजनाचा. पूर्वी आपल्या स्टेशनांवर लाल-पिवळे दिवे लुकलुकणारी वजनाची यंत्रं असायची. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य! खरं सांगायचं तर नुसत्या वजनावरून तब्येत सांगणं हा त्या भविष्याचाच प्रकार आहे. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचं, ही कल्पना बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाची, १८३२ची. त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी १९७२ साली दिलं. केटलेला एका माणसाची तब्येत सांगायचीच नव्हती, त्याला समाजाची सरासरी हवी होती. आपण मात्र तो आकडा एकेका मुलीच्या कपाळावर चिकटवतो.

याची सर्वांत सुंदर गंमत आपल्या पुण्याच्या एका डॉक्टरांनी केली. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण क्ष-किरणांच्या यंत्रावर शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकसरांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीदार. याज्ञिकांनी याला 'थिन-फॅट' म्हटलं. याचं मूळ कुठे आहे हे शोधायला त्यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सर्व बाजूंनी लहान होती, पण स्नायू जेवढे कमी होते त्या मानाने चरबी कमी नव्हती. म्हणजे वीस वर्षांची मुलगी आज काय खाते आणि किती हालचाल करते, याचा हिशेब पुढच्या पिढीच्या वहीत जाऊन पडतो. त्यामुळेच भारतीयांसाठी बीएमआयची जास्त वजनाची रेषा २५वरून २३वर आणली गेली, आणि बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात.

एक गणित करू. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ४८ किलो. बीएमआय साधारण २०, म्हणजे कागदावर उत्तम. अशा दोन मुली घ्या. एकीच्या शरीरात ३० टक्के चरबी, दुसरीच्या २२. पहिलीकडे चरबी सोडून ३३.६ किलो शरीर आहे, दुसरीकडे ३७.४. जवळजवळ चार किलोंचा फरक, आणि त्यात मोठा वाटा स्नायूंचा. आता दोघींच्या पाठीवर सारखीच पाच किलोंची बॅग देऊन दोघींना स्टेशनचा पूल चढायला लावा. इंजिन लहान आणि लोड तेवढाच! पहिली आधी दमणार, आणि वरून तिला ऐकावं लागणार, "तू तर बारीक आहेस, तुला काय धाप लागते?" लग्नाआधी किंवा गॅदरिंगच्या आधी जेवण बंद करून चार किलो उतरवणाऱ्यांचं हेच होतं. व्यायाम न करता नुसतं उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. नंतर वजन परत येतं तेव्हा चरबी पटकन येते, स्नायू मात्र मेहनतीशिवाय येत नाहीत. आणि चरबी म्हणजे शत्रू असंही नाही. बाईच्या शरीराला काही चरबी अत्यावश्यकच असते. खाणं फारच कमी पडलं तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात. ही काटकसर नव्हे, हे दिवाळं.

जिममध्ये किंवा आरोग्य शिबिरात अनवाणी उभं करून चरबीचा टक्का सांगणारं यंत्र असतं, ते आपल्या मंडळींनी समजून घ्यावं असं आहे. शरीरातून एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, साधारण ५० किलोहर्ट्झचा प्रवाह सोडतात आणि रोध मोजतात. चरबी वीज फारशी वाहू देत नाही. चरबीविरहित भागात सुमारे ७३ टक्के पाणी आणि त्यात क्षार, म्हणून तो चांगला वाहक. आता फर्स्ट इयरचं सूत्र आठवा: रोध म्हणजे रोधकता गुणिले लांबी भागिले क्षेत्रफळ. त्यात क्षेत्रफळाच्या जागी आकारमान भागिले लांबी घाला. उत्तर येतं, आकारमान म्हणजे रोधकता गुणिले लांबीचा वर्ग भागिले रोध. म्हणून यंत्र आधी तुमची उंची विचारतं! पण हे सूत्र एकसारख्या जाडीच्या दंडगोलाचं आहे आणि माणूस काही दंडगोल नाही. बारीक हातपायच बहुतेक रोध खाऊन टाकतात, धडाचा वाटा फार थोडा. त्यातून नुसत्या पायांखाली पट्ट्या असलेल्या यंत्रात प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो, पोटाची चरबी तो बिचारा अंदाजानेच सांगतो. पाणी कमी प्यायलं असेल, नुकताच व्यायाम झाला असेल, पाळीच्या आधी अंगावर सूज असेल, तर आकडा बदलतो. तेव्हा एका दिवसाच्या टक्क्यावरून रडू नये. मोजायचंच असेल तर महिन्यातून एकदा, त्याच वेळी, उपाशीपोटी, त्याच यंत्रावर. आणि शेजारणीशी तुलना नको.

आता सर्वांत महत्त्वाचं, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हाच आकडा ४८ होता, म्हणजे तो वाढला. त्याच फेरीत महाराष्ट्रातल्या पुरुषांचा आकडा होता २१.९. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवणाऱ्यांत हा फरक! दर महिन्याला जाणारं रक्त हे त्याचं एक कारण, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं हे दुसरं, ज्याबद्दल कुठल्याही लॅबच्या रिपोर्टात लिहिलेलं नसतं.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. बदलापूरची, अभ्यासात हुशार. वर्गात पेंगते म्हणून तिचं नाव 'कुंभकर्ण' पडलं होतं. वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना हात थांबायचा, जॉब अर्धवट राहायचा आणि टर्मवर्कचे मार्क कापले जायचे. बर्फ खायची तिला फार सवय होती, आम्हाला ती गंमत वाटायची. एके दिवशी पुलाच्या पायऱ्यांवर तिला चक्कर आली तेव्हा कुठे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. बायकांमध्ये ते १२च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. ८.४ म्हणजे काय ते पाहा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतं असं धरलं, तर १२.५ हिमोग्लोबिनवाली मुलगी मिनिटाला सुमारे ८४० मिलिलिटर ऑक्सिजनची वाहतूक करू शकते; ही ५६० वर अडकते. एक तृतीयांश डबे गाडीतून काढून टाकले आणि प्रवासी तेवढेच! मग फेऱ्या वाढवायच्या, म्हणजे छातीत धडधड. ती पेंगत होती कारण शरीर काटकसर करत होतं. आणि बर्फ, माती, कच्चे तांदूळ, खडू असलं काही खावंसं वाटणं हे लोह कमी असल्याचं एक जुनं ओळखीचं लक्षण आहे. पाळीत तिला सातव्या-आठव्या दिवसापर्यंत रक्तस्राव व्हायचा, गाठी पडायच्या. तिला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. तीन महिन्यांच्या गोळ्यांनंतर तिचं हिमोग्लोबिन ११.६ वर आलं आणि 'कुंभकर्ण' आमच्याआधी जिना चढायला लागली.

लोहाच्या गोळ्यांबद्दल हॉस्टेलमध्ये बरेच गैरसमज आहेत. शौचाला काळं होतं, पोट बिघडतं, म्हणून चार दिवसांत पाकीट कपाटात जातं. काळं होणं हे नुसतं उरलेल्या लोहाचं रूप आहे, घाबरायचं कारण नाही. पोटाला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून एक दिवसाआड घेता येते का ते विचारावं. २०१७ साली स्वित्झर्लंडमध्ये तरुण मुलींवर झालेल्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेलं लोह उलट जास्त प्रमाणात शोषलं गेलं. कारण गोळी घेतल्यावर शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवून दुसऱ्या दिवशी लोहाचं दार अर्धवट लावून घेतं. गोळीबरोबर चहा तर नकोच. आपल्या मेसमध्ये जेवण झाल्या झाल्या चहाची किटली येते, ती तासभर उशिरा आली तर किती बरं होईल! चहातलं टॅनिन लोह अडवून ठेवतं, लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व सोडवतं. पोह्यावर लिंबू पिळायची आपली पद्धत नुसती चवीची नाही. बाजरीची भाकरी, हळिवाचे लाडू, पालेभाज्या, खाणाऱ्यांसाठी मटण-कलेजी... आणि उल्हासनगरच्या सिंधी मैत्रिणीच्या डब्यात साईभाजी असेल तर हक्काने वाटीभर मागून घ्या. पालक आणि डाळ एकत्र, वर आंबट चुका! १९-२० वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण २९ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला १९. पण एकदा रक्तक्षय झाला की नुसत्या पालकाने तो भरून निघायला जन्म जाईल. तिथे गोळीच हवी.

हिमोग्लोबिन १२च्या वर आहे म्हणजे सुटलो, असंही नाही. शरीरातला लोहाचा साठा 'फेरीटिन' या तपासणीत कळतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा १९८ बायका घेतल्या होत्या, ज्यांचं हिमोग्लोबिन ठीक होतं पण फेरीटिन कमी होतं आणि ज्या कायम दमलेल्या असत. निम्म्यांना बारा आठवडे लोह दिलं, निम्म्यांना खोटी गोळी. लोहवाल्यांचा थकवा जवळजवळ ४८ टक्क्यांनी उतरला, खोट्या गोळीवाल्यांचा २९ टक्क्यांनी. खोट्या गोळीनेही २९ टक्के फरक पडतो, हे 'टॉनिक' विकणाऱ्यांना चांगलं माहीत असतं!

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. उल्हासनगर १९४९ साली फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं. सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी अशा समाजांत बीटा थॅलेसेमियाचा दोष वाहणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळतं. इतर समाजांतही तो असतोच. अशी मुलगी आजारी नसते, पण तिच्या तांबड्या पेशी आकाराने लहान असतात आणि हिमोग्लोबिन थोडं कमी राहतं. लोहाची कमतरता नसेल तर कितीही गोळ्या घेतल्या तरी ते वाढत नाही, आणि उगाच घेतलेलं लोह चांगलंही नाही. ओळखायचं कसं? रक्ताच्या साध्या रिपोर्टात पेशीचं सरासरी आकारमान दिलेलं असतं, त्याला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागा. उत्तर १३च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय, वर आलं तर लोहाच्या कमतरतेचा. हा मेंझर निर्देशांक, १९७३चा. तो फक्त संशय आहे. खात्री हिमोग्लोबिन ए-टूच्या तपासणीने होते. ती एकदा करून घ्यावी, कारण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे लग्न ठरल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. याशिवाय थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, ड जीवनसत्त्व, अपुरी झोप आणि मनाची उदासी हीही थकव्याची कारणं आहेत. शेवटच्या कारणाला तपासणीचा रिपोर्ट नसतो, म्हणून ते कमी खरं ठरत नाही.

रक्त ठीक असेल, तर मग व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२०चं म्हणणं असं, की आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. मुली पहिलं थोडंफार करतात, दुसऱ्याला घाबरतात. "डंबेल उचलले की पुरुषांसारखे दंड होतील"... बायकांच्या शरीरात तेवढं टेस्टोस्टेरॉनच नसतं! त्याबरोबर प्रथिनं हवीत, किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ४८ किलोला ४० ग्रॅम. आमटीत डाळ शोधावी लागते तिथे हे जमायचं कसं? मूठभर शेंगदाण्यात सुमारे सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा. मेसच्या मावशींना डाळ घट्ट करायला सांगणं हाही एक शास्त्रीय उपाय समजावा.

खरी अडचण इच्छेची नसून जागेची आणि वेळेची आहे. ट्रेनमधून रोज मलंगगड आणि चंदेरी दिसतात, पण गेट बंद व्हायच्या आत मुलींना ग्राउंड मिळत नाही, कारण तिथे मुलांचं क्रिकेट चालू असतं. अंधार पडल्यावर वालधुनीच्या काठाने शिवमंदिराकडे एकटीने चालत जा, असं मी कुणाला सांगणार नाही. रेक्टर मॅडम आणि जिमखान्याच्या सरांनी सायंकाळी पाच ते सहा ग्राउंड फक्त मुलींसाठी ठेवलं, तर हा लेख निम्मा लहान करता आला असता.

तोवर घरातल्या घरात करण्यासारखी एक चाचणी सांगते. अमेरिकेत मॅकआर्डल यांनी १९७२ साली ती कॉलेजच्या मुलींवरच बसवली. ४१ सेंटिमीटर उंचीची पायरी लागते. आमच्या कॉमन रूममधला लोखंडी बाक मोजला तर तो जवळजवळ तेवढाच भरला, फक्त तो भिंतीला टेकवून कुणालातरी धरायला सांगा. मोबाईलवर मेट्रोनोम ८८ वर लावायचा. वर, वर, खाली, खाली, चार ठोक्यांत एक चढउतार, मिनिटाला २२. अशी तीन मिनिटं. थांबल्यावर पाच सेकंद जाऊ द्यायचे, मग उभं राहूनच १५ सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायचं. त्या आकड्याला ०.१८४७ ने गुणून उत्तर ६५.८१ मधून वजा करा. हा झाला किलोमागे, मिनिटाला, शरीर जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज. नाडी १७६ असेल तर ३३.३ येतात, १६० असेल तर ३६.३. चक्कर येत असेल, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा हिमोग्लोबिन कमी असल्याचं माहीत असेल तर करू नका. रक्तक्षयातही नाडी अशीच धावते, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय आलेल्या वाईट आकड्यावरून सराव कमी पडतोय की लोह, ते सांगता येत नाही. आकडा वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा, आणि आठ आठवडे जिने चढल्यावर त्याच बाकावर, त्याच वेळी पुन्हा मोजा.